गॅलरीतलं अंडं

“उद्या सकाळी कॅसरोल करणार आहे,” असं मी जाहीर केलं, तर आई माझ्या नवऱ्याला स्टूल आणायला सांगू लागली. माळ्यावरचा पोळ्यांचा डबा काढायला. तिचं काही चुकलं नव्हतं. आमच्याकडे कॅसरोल म्हणजे पोळ्या गरम ठेवायचा डबा. माझ्या लग्नात असे सात आले होते. दोन अजून खोक्यात आहेत, एक मी पुढे दुसऱ्या एका लग्नात देऊन टाकला, आणि तो अजून पुण्यात या लग्नातून त्या लग्नात फिरत असणार याची मला खात्री आहे. शब्द मूळचा फ्रेंच. तिकडे कॅसरोल म्हणजे दांड्याचं पातेलं. अमेरिकेत गेल्यावर ते भट्टीत भाजलेल्या एका भरगच्च पदार्थाचं नाव झालं, आणि आपल्याकडे येईपर्यंत त्यात पोळ्या जाऊन बसल्या.

“अंड्याचं कॅसरोल,” मी म्हटलं.

“डब्यात अंडी?” आई. ती अंडं खात नाही, पण अंड्याबद्दल तिला मतं आहेत.

गोष्ट गेल्या डिसेंबरातली. नाशिकहून भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुलं आली होती. आम्ही तिघं, शिवाय आई-बाबा. नऊ माणसं. नऊ माणसांचा नाश्ता म्हटल्यावर पुण्यातल्या बाईच्या डोक्यात पोहे येतात, आणि तेच यावेत. पण मुलांनी आदल्या दिवशीच ऑम्लेटची मागणी नोंदवून ठेवली होती. ऑम्लेट हा एकट्या माणसाचा पदार्थ आहे. तव्यावरून ताटलीत आणि ताटलीतून तोंडात, मध्ये थांबला की गेला. आठ जणांना एकेक करून घालायचं म्हणजे अर्धा तास गॅसपाशी उभं राहायचं, आणि आठवं उतरेपर्यंत पहिल्याला दुसरं हवं असतं. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. लहानपणी दर रविवारी मी हेच बघत आले होते, फक्त पाठमोरं.

आमचा वाडा नारायण पेठेत होता. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि रस्त्यावर झुकलेली लाकडी गॅलरी. स्वयंपाकघर आजीचं. तिथे अंडं येणं शक्यच नव्हतं, त्यामुळे बाबांची ऑम्लेटं गॅलरीत व्हायची. तिथे एक वातीचा स्टोव्ह होता, खिळ्याला अडकवलेला अंड्याचा तवा, आणि कान तुटलेले दोन कप. त्यांत अंडं फेटायचं, कारण कान तुटलेला कप आजी कधीच परत मागणार नव्हती. रॉकेलच्या वासातून कांदा-मिरचीचा वास वर आला की आम्ही दोघं भावंडं खिडकीच्या आतल्या बाजूला रांग लावायचो. बाबा मागे न बघताच गजांमधून ताटली सरकवायचे. पहिलं धाकट्याला, मग मला, मग पुन्हा धाकट्याला. शेवटचं, फाटलेलं, ते स्वतः तव्यावरूनच खायचे, उभ्याने. टरफलं चुरून गुलाबाच्या कुंडीत. वाड्यात सगळ्यात जोमदार गुलाब आमचा होता आणि तो कशावर पोसलाय हे सोळाच्या सोळा बिऱ्हाडांना माहीत होतं.

सोमवार, गुरुवार, शनिवार, दोन्ही एकादश्या, चतुर्थी आणि अख्खा श्रावण हे सगळं वजा केलं की अंड्यासाठी महिन्यात जे दिवस उरायचे त्यांत रविवार त्यातल्या त्यात बिनधोक. टीव्हीवर ‘संडे हो या मंडे, रोज खाओ अंडे’ ही जाहिरात लागली की आजी फक्त ‘मंडे’ला मान हलवायची. ती जाहिरात आली राष्ट्रीय अंडी समन्वय समितीकडून, म्हणजे १९८२ साली स्थापन झालेल्या एनईसीसीकडून. तिच्यामागे होते बी. व्ही. राव, ज्यांनी १९७१ मध्ये व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, आणि या साऱ्याचं मुख्य ठाणं आमचं पुणंच. देशभरातल्या अंड्यांचे भाव जाहीर करणाऱ्या समितीच्याच गावात आम्ही अंडी वर्तमानपत्रात गुंडाळून, वर मेथीची जुडी टाकून आणत होतो. आजीसमोर त्यांना ‘फळं’ म्हणायचो. आजीही विचारायची, “फळं आणलीस का रे?” आणि आम्हाला वाटायचं, तिला काही कळत नाही.

तर ओव्हन. आपल्या भाषेत भाजणं, परतणं, तळणं, उकडणं, वाफवणं हे सगळं आहे, पण बंद पेटीत चहूबाजूंनी येणाऱ्या कोरड्या उष्णतेला घरगुती क्रियापद नाही, कारण घरात तशी पेटीच नव्हती. ती बेकरीत होती. दिवाळीच्या आधी नानकटाईचं पीठ मळून न्यायचं, बेकरीतल्या पत्र्याच्या ट्रेमध्ये गोळे मांडायचे, वर नावाची चिठ्ठी, आणि मग भट्टीच्या तोंडाशी तास-दीड तास ताटकळायचं. आतून ट्रे आला की आपलाच आहे की शेजारच्यांचा, यावरून वाद. आजीला त्या भट्टीत त्याच दिवशी पावही भाजले गेलेत हे चालायचं. पावात काय असतं हे तिने कधी विचारलं नाही. न विचारणं ही तिची पद्धत होती, हे मला फार उशिरा कळलं.

माझा ओव्हन २०२० च्या लॉकडाउनमधला, सगळं कोथरूड केक करत होतं तेव्हाचा. पुढे तो पापडाचे डबे ठेवायला कपाट म्हणून वापरात आला. त्यात अंडी घालायची कल्पना मला एका मैत्रिणीने दिली. ती बरीच वर्षं अमेरिकेत राहून परत आली आहे. तिकडे नाताळच्या सकाळी बऱ्याच घरांत हे करतात. रात्रीच शिळा ब्रेड, चीज, सॉसेज, भाज्या एका पसरट भांड्यात लावायच्या, वरून दूध-अंडी फेटून ओतायची, फ्रिजमध्ये ठेवून झोपायचं. सकाळी उठून फक्त ओव्हनमध्ये सरकवायचं, आणि ते भाजलं जाईपर्यंत मुलांनी भेटवस्तू उघडायच्या. तिकडच्या पाककृती ९ बाय १३ इंचांच्या भांड्याच्या हिशोबाने लिहिलेल्या असतात. माझ्या ओव्हनमध्ये तसलं भांडं तिरकंही मावत नाही. त्यामुळे केकचा दहा इंची चौकोनी टिन.

पाहुण्यांवर प्रयोग नको म्हणून मी आधी एकदा आमच्या तिघांपुरतं करून बघितलं होतं, आणि ते फसलं. मश्रूम आणि टोमॅटो चिरून कच्चेच घातले, आणि “अजून पाच मिनिटं” असं तीन वेळा केलं. बाहेर काढलं तेव्हा वड्या स्पंजासारख्या, भोकं-भोकं पडलेल्या, आणि टिनच्या तळाशी पाणी. मुलगा म्हणाला, “आई, याची आमटी छान होईल.” नवरा काही न बोलता खात होता. ते जास्त लागलं.

पाणी दोन वाटांनी आलं होतं. एक, भाज्यांतून. मश्रूम, टोमॅटो, पालक हे मुळात पाण्याचेच गोळे. ते आधी मोठ्या आचेवर परतून कोरडे करायला हवेत. दुसरी वाट अंड्याची स्वतःची. पांढरा भाग साठ-पासष्ट अंशांना धरायला लागतो, बलक पासष्ट ते सत्तरच्या मध्ये. दूध घातलं की प्रथिनं एकमेकांपासून जरा लांब राहतात आणि मिश्रण ऐंशीच्या आसपास जमतं, मऊ राहून. त्याच्याही पुढे तापवत राहिलं की ती एकमेकांना आवळत जातात आणि मधलं पाणी पिळून बाहेर काढतात, ओला पंचा पिळावा तसं. म्हणजे आधी थांबायला हवं. कधी, ते मात्र घड्याळ सांगत नाही. टिन किती खोल, फ्रिजमधून काढून किती वेळ झाला, ओव्हन खरंच १८० ला आहे की नुसता आकडा दाखवतोय, यावर ते ठरतं.

शनिवारी रात्री दहा वाजता लावायला घेतलं. बारा अंडी, अर्धा लिटर दूध, आदल्या दिवशीचे आठ पाव हाताने तोडून. ताजा पाव नको, त्याचा लगदा होतो, शिळा दूध पिऊनही अंग धरून राहतो. मंडईतून आणलेला नवा मटार, पालक, पातीचा कांदा, मश्रूम, सगळं परतून, गार करून. सहा क्यूब चीज किसून. हिरवी मिरची, मिरपूड, मीठ बेताने, कारण चीज खारट असतं. आणि तळाला बटाट्याचे पातळ काप, तेलावर लालसर करून. ही बटाट्याची भर माझी नाही. कॅम्पातल्या बँकेत बाबांच्या शेजारच्या टेबलावर एक पारशी गृहस्थ होते, त्यांच्या डब्यात पपेटा पर ईडू असायचं. पपेटा म्हणजे बटाटे, पर म्हणजे वर, ईडू म्हणजे अंडं. पारशी माणूस कशावरही अंडं फोडतो, भेंडीवर, टोमॅटोवर, सळीवर म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या काड्यांवर. झाकण ठेवून मंद आचेवर त्या भाजीच्या वाफेतच ते शिजवायचं. बाबा घरी येऊन त्याचं वर्णन करायचे आणि आजी मध्येच उठून देवापाशी निरांजन नीट करायला जायची.

रविवारी सातला टिन बाहेर काढून ठेवला, साडेसातला ओव्हन लावला. पाच मिनिटांत घर अंधारात. ओव्हन आणि गिझर एकाच लाइनवर आहेत हे इतक्या वर्षांत मला माहीत नव्हतं. भावाने बाथरूममधून ओरडून आणि माझ्या मुलाने मीटरपाशी पळून प्रश्न सोडवला, पण आंघोळी होईपर्यंत ओव्हन बंद ठेवणं आलं. टिन आत गेला तेव्हा आठ वाजून गेले होते.

आणि मग कोणालाच काही काम उरलं नाही. हे मी आधी गृहीतच धरलं नव्हतं. आमच्या घरात नाश्ता म्हणजे कोणीतरी ओट्यापाशी, कोणीतरी खातंय, कोणीतरी “अजून आहे का” म्हणतंय, कोणीतरी खाऊन उठलंय. इथे नऊ जण टेबलाभोवती आणि सोफ्यावर, चहाचे कप हातात, पाठीमागे पेटीत पिवळा दिवा. ऑम्लेटच्या कडेला उलथनं घालून बघता येतं, पोह्यांवर झाकण उचलता येतं. ह्याला हात लावायचा नाही, दारही उघडायचं नाही. बाबा दर पाच मिनिटांनी वाकून काचेतून बघत होते. “हे फुगतंय ते बरोबर आहे ना?” “फुगू द्या.” “आणि मग?” “मग बसेल.” “मग फुगतंय कशाला?”

डिसेंबरातली गार सकाळ, त्यात चीज तापल्याचा वास. भाचीने विचारलं, “आजोबा, तुम्ही पहिलं अंडं कधी खाल्लंत?” मला उत्तर ठाऊक होतं. कॉलेजात असताना, डेक्कनवरच्या इराणी हॉटेलात, गुडलकमध्ये, मित्रांनी पैज लावली म्हणून. गुडलक १९३५ सालचं, बाबांच्या आधी दहा वर्षांचं. ही गोष्ट मी निदान पन्नास वेळा ऐकली आहे.

“पानशेत झालं ना,” बाबा म्हणाले, “त्या श्रावणात.”

पुण्यात अजूनही काळ असाच मोजतात. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं, आणि नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. आमच्या वाड्याचा तळमजला बुडाला, वाडा उभा राहिला. बाबा सोळा वर्षांचे. महिन्याभरात त्यांना टायफॉइड झाला. ताप उतरला पण अंगात उभं राहायची ताकद नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं, रोज एक अंडं द्या, अर्धकच्चं उकडून.

“आणि पणजीने दिलं?” मुलगा.

“श्रावणात,” बाबा म्हणाले. “डॉक्टरांचा कंपाउंडर खिशातून अंडं आणून द्यायचा. स्वयंपाकघरात शक्य नाही. माजघरात देव. पुढच्या खोलीत तिचे सासरे निजलेले. मग तिने डोकं चालवलं. म्हणाली, गॅलरीच्या फळ्यांखाली जमीन नाही. खाली रस्ता. म्हणजे गॅलरी काही घरात धरायची नाही. पुरात मिळालेल्या मदतीतला एक वातीचा स्टोव्ह होता, तो तिथे नेऊन ठेवला.”

मी चहाचा कप खाली ठेवला.

“एकवीस दिवस. रोज नाकाला पदर लावून उकडायची, भांडं माझ्यापुढे सरकवायची, आणि लगेच आंघोळीला. पावसाळा, पाणी गार. सोलायचं मी. ती सोलणार नाही, असं ठरलं होतं.”

“कोणाशी ठरलं होतं?” भाचीने विचारलं.

“देवाशी असेल.”

“आणि तो स्टोव्ह?” मी विचारलं.

“तोच की. तिने तो कधी आत घेतलाच नाही. पुढे मी ऑम्लेटं करायला लागलो तेव्हा काही बोलली नाही. एवढंच म्हणाली, गॅलरी आहे.”

माझ्या मित्रमैत्रिणींना, नवऱ्याला, मुलाला मी इतकी वर्षं जी गोष्ट रंगवून सांगत आले, की कर्मठ आजीने बिचाऱ्या बाबांना अंड्यापायी घराबाहेर काढलं होतं, तिची ही अशी अवस्था झाली. मी आईकडे बघितलं. ती शांतपणे मटार सोलत होती, दुपारच्या भातासाठी.

“तुला माहीत होतं?”

“मला सासूबाईंनीच सांगितलेलं, लग्न झाल्यावर. स्टोव्ह दाखवून.” मग जरा थांबून, “तुम्ही कोणी विचारलं नाहीत.”

दर रविवारी बाबा खिडकीपलीकडे पाठमोरे उभे असायचे आणि आमचं सगळं लक्ष त्यांच्या उलथन्याकडे. कधी विचारणार होतो?

तेवढ्यात पाऊण तास होत आला आणि माझी नेहमीची घालमेल सुरू झाली. कडा फुगून सोनेरी झाल्या होत्या, मध्ये काय चाललंय कळत नव्हतं. सुरी घालून बघावी तर दार उघडावं लागणार. “अजून पाच मिनिटं,” मी म्हटलं, आणि मुलाने तोंड फिरवलं.

आई मटाराची परडी घेऊनच ओव्हनपाशी आली, वाकली, आणि ओव्हनचीच कड फडक्याने धरून हलकेच हलवली. काचेपलीकडे मधला भाग एकदा थरथरला आणि थांबला.

“काढ. झालं.”

“तुला काय माहीत? तू खात नाहीस.”

“खरवसासारखंच तर आहे. हललं तर कच्चं, थरथरलं तर झालं, थिजलं तर गेलं. सासूबाईंचा खरवस कधी बघितला नाहीस का?”

बघितला होता. आजी कुकरची शिट्टी काढून खरवस वाफवायची आणि डब्याला बोटाने टिचकी मारून सांगायची. चिकातही तीच गंमत असते, प्रथिनं इतकी दाट की नुसत्या उष्णतेने जमतात, आणि जास्त तापलं की तोही पाणी सोडतो. आजीला हे टिचकीवरून कळायचं.

काढला. दहा मिनिटं तसाच ठेवला. आतल्या उष्णतेवर तो पुढेही शिजत राहतो, आणि कापायला घाई केली तर वड्या पडत नाहीत. नऊ तुकडे करता आले असते, आठच केले. आईसाठी तूप-साखर-पोळी, त्या दुसऱ्या कॅसरोलमधली. सगळे एकाच वेळी जेवल्यासारखे बसले. वहिनी म्हणाली, बटाट्याचा थर छान लागतोय. भावाला मिरची कमी वाटली. मुलं काही बोलली नाहीत, नुसती खाल्ली. बाबांनी आपला तुकडा बराच वेळ चमच्याने तपासला, मग खाल्ला, मग म्हणाले, “ऑम्लेट नाही हे. पण आहे बरं.”

आवरताना बघते तर टिन गायब. तळाला आणि कोपऱ्यांना बटाटे-चीजची लाल कुरकुरीत खरवड धरली होती, ती भिजत टाकायची होती. स्वयंपाकघरात नाही, सिंकमध्ये नाही.

बाबा बाल्कनीत. कठड्याला टेकून, उन्हात, उभेच. डाव्या हातात फडक्यात धरलेला टिन, उजव्या हातात चमचा, कोपरा खरवडतायत.

“बाबा, आत बसून खा ना. खुर्ची आहे.”

“अंडं आहे गं,” ते मागे न बघता म्हणाले. “इथेच बरं.”